भेगा आणि गुहा असलेल्या चुनखडीतला प्रवाह मॉडेल करायचाय? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

रिझर्व्हॉयर सिम्युलेशन, म्हणजे तेलसाठ्यातल्या प्रवाहाचं संगणकावरचं मॉडेल, आपण बहुतेक जण वाळूच्या खडकावर शिकतो. एक थर घ्यायचा, त्याची सच्छिद्रता (मोकळ्या जागेचं प्रमाण) आणि पारगम्यता (द्रव किती सहज वाहतो ते) भरायची, डार्सीचा नियम (प्रवाह दाबाच्या उताराच्या प्रमाणात) लावायचा, की विहिरीतून किती तेल येईल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. मग कधीतरी गाईड किंवा ऑफिसातले साहेब चुनखडीचं फील्ड हातात देतात. त्यात केसाएवढ्या भेगा असतात, सुपारीएवढ्या पोकळ्या असतात आणि बंगला मावेल एवढ्या गुहाही असतात. इथे नेमकं कुठून सुरू करायचं, हे एका जागी लिहिलेलं सापडत नाही. मी या वाटेने गेलो आहे, म्हणून हा लेख.

उदाहरण म्हणून चीनच्या शिंजियांग प्रांतातल्या तारिम खोऱ्यातलं ताहे तेलक्षेत्र डोळ्यांसमोर ठेवू. तिथली चुनखडी ऑर्डोव्हिशियन काळातली, म्हणजे ४४ ते ४८ कोटी वर्षांपूर्वीची, आणि आज ५,००० मीटरपेक्षा जास्त खोल आहे. ती एकेकाळी उघड्यावर होती. पावसाच्या पाण्याने विरघळून तिच्यात गुहा झाल्या आणि नंतर सगळंच गाडलं गेलं. मूळ खडकाची सच्छिद्रता साधारण २ टक्क्यांच्या आत आहे. तेल राहतं ते गुहांमध्ये आणि मोठ्या पोकळ्यांमध्ये, विहिरीपर्यंत येतं ते भेगांमधून.

मुंबई हायचा मुख्य साठाही चुनखडीतच आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या ड्रिलिंग रिगने शोधलेला तो एल-३ थर मायोसीन काळातला आहे. पण तिथे खडक स्वतः भरपूर तेल धरून आहे आणि थरांवर थर आहेत. म्हणून ताहेची पद्धत जशीच्या तशी मुंबई हायला लावू नका, आणि उलटही करू नका. ‘कार्बोनेट’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, मॉडेल मात्र वेगळं लागतं.

१. आधी पोकळ्यांची वर्गवारी करा

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी कागदावर चार रकाने आखा: मॅट्रिक्स (भेगा-पोकळ्या सोडून उरलेला मूळ खडक), भेगा, लहान पोकळ्या, गुहा. प्रत्येकासमोर दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. इथे तेल साठतं का? इथून तेल वाहतं का?

लहान पोकळ्यांच्या बाबतीत तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत की सुट्या? सुट्या पोकळ्या सच्छिद्रता वाढवतात, पारगम्यता जवळजवळ वाढवत नाहीत. हे आकड्यात बघा. खडकात ५ टक्के जागा सुट्या गोल पोकळ्यांनी व्यापली आणि त्या पोकळ्यांमध्ये प्रवाहाला काहीच अडथळा नाही असं धरलं, तरी मॅक्सवेलच्या जुन्या सूत्राप्रमाणे पूर्ण खडकाची पारगम्यता जेमतेम १६ टक्क्यांनी वाढते. त्याच पोकळ्या भेगांनी जोडल्या गेल्या की पारगम्यता शेकडो पट होऊ शकते. लॉगवर (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या मोजणीत) मात्र दोन्ही खडकांची सच्छिद्रता सारखीच दिसते. म्हणून सच्छिद्रतेवरून पारगम्यता काढणारं वाळूच्या खडकाचं समीकरण इथे वापरू नका.

गुहांसाठी वेगळा प्रश्न आहे: गुहा मोकळी आहे की भरलेली? बऱ्याच गुहा वाळू, चिखल आणि छताच्या कोसळलेल्या दगडांनी भरलेल्या असतात. भरलेल्या गुहेत डार्सीचा नियम नीट चालतो, फक्त पारगम्यता आणि सच्छिद्रता भरावाची घ्यायची. मोकळ्या गुहेत तो चालत नाही. पुढची सगळी निवड या एका उत्तरावर अवलंबून आहे.

२. जमवायची कागदपत्रं आणि साधनं

डेटा:
- रोजचे ड्रिलिंग रिपोर्ट (सगळे; सारांश नको)
- मड लॉसच्या नोंदी (ड्रिलिंगसाठी वापरलेला चिखल खडकात किती निघून गेला)
- कॅलिपर (विहिरीचा व्यास) आणि इमेज लॉग (विहिरीच्या भिंतीचं चित्र)
- कोअरचे (विहिरीतून कापून काढलेल्या खडकाच्या दंडगोलाचे) फोटो, कोअर किती टक्के वर आला याच्या आकड्यासह
- सायस्मिक व्हॉल्यूम (जमिनीत सोडलेल्या तरंगांच्या प्रतिध्वनीचं त्रिमितीय चित्र), निदान अ‍ॅम्प्लिट्यूडचे नकाशे
- वेल टेस्टचा (विहीर चालू-बंद करून दाब मोजण्याच्या चाचणीचा) कच्चा दाब-वेळ डेटा
- विहिरीनिहाय उत्पादन: तेल, पाणी, वायू, दाब
- द्रवांचे प्रयोगशाळेतले अहवाल

सॉफ्टवेअर: ऑफिसात इक्लिप्स किंवा सीएमजी (विकतचे सिम्युलेटर) असेल तर उत्तम. नसेल तरी अडत नाही. नॉर्वेच्या सिंटेफ संस्थेचं एमआरएसटी मोफत आहे, मॅटलॅबमध्ये चालतं आणि त्यात दुहेरी सच्छिद्रता आणि भेगांची स्वतंत्र मॉड्यूल्स आहेत. शिकण्यासाठी मी हेच सुचवेन, कारण आत काय चाललंय ते ओळ न् ओळ वाचता येतं. मोठ्या रनसाठी ओपीएम फ्लो, सुट्या भेगांच्या जाळ्यासाठी बर्गन विद्यापीठाचं पोअरपाय, मेशसाठी (हिशोबाच्या जाळीसाठी) जीमेश, चित्रांसाठी पॅराव्ह्यू. हे सगळं मोफत आहे.

एक सापळा इथेच आहे. सरावासाठी इंटरनेटवर सहज मिळणारे व्होल्व्ह आणि एसपीई-१० हे दोन्ही डेटासेट वाळूच्या खडकाचे आहेत. त्यांवर कोड चालतो का ते बघा, पण तिथून आलेली समज चुनखडीत वापरू नका.

३. पुरावा एका तक्त्यात आणा

या पायरीला नवखे सगळ्यात कमी वेळ देतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

मोकळ्या गुहेचा थेट पुरावा कोअरमध्ये मिळत नाही. ती पोकळ असते, तिचा कोअर येणार कुठून? जो तुकडा वर येतो तो घट्ट खडकाचा असतो. फक्त कोअर बघून मॉडेल केलं तर फील्ड कोरडं ठरेल. कोअर आलाच नाही, ती खोली आधी नोंदवा.

खरा पुरावा ड्रिलिंग रिपोर्टात असतो. तिथे साधारण अशी एखादी ओळ सापडते: अमुक मीटरवर बिट (खोदणारं टोक) एकदम दीड मीटर खाली गेला, वजन शून्यावर आलं, त्यानंतर मड परत वर आलाच नाही. ही ओळ म्हणजे मोकळी गुहा. बिट खाली गेला नाही, पण मड थोडाथोडा जात राहिला, तर ती बहुधा भेग. वेग वाढला, कॅलिपर फुगला आणि गॅमा रे (खडकाच्या किरणोत्साराचं मोजमाप) चढला, तर भरलेल्या गुहेची शक्यता धरा, कारण भरावात चिकणमाती असते. तक्त्यात प्रत्येक विहिरीसाठी खोली, घटना, मड किती गेला आणि तुमचा निष्कर्ष असे रकाने करा.

सायस्मिकवर ताहेच्या गुहा माळेतल्या मण्यांसारख्या एकाखाली एक चमकतात. तो मणी म्हणजे गुहेचा आकार असं धरू नका. खडकात तरंगाचा वेग सेकंदाला ६,००० मीटर आणि वारंवारता २५ हर्ट्झ घेतली, तर तरंगलांबी २४० मीटर येते आणि तिचा चौथा भाग ६० मीटर. १० मीटर उंचीची गुहासुद्धा सायस्मिकवर आहे त्याहून खूप मोठी दिसेल. मण्यांचं घनफळ मोजून थेट तेलसाठा काढलात, तर आकडा कितीतरी पट फुगेल. मणी गुहा कुठे आहे ते सांगतो. ती केवढी आहे हे उत्पादनावरून आणि वेल टेस्टवरून काढायचं.

४. भेगेचं गणित एकदा हाताने करा

गुळगुळीत समांतर भिंतींच्या भेगेची पारगम्यता म्हणजे रुंदीचा वर्ग भागिले १२. रुंदी ०.१ मिलिमीटर घेतली तर उत्तर सुमारे ८४० डार्सी येतं (डार्सी हे पारगम्यतेचं एकक). आता खडकात दर मीटरला अशी एक भेग आहे असं धरा. पूर्ण खडकाची पारगम्यता सुमारे ८४ मिलिडार्सी होते, आणि भेगांची सच्छिद्रता अवघी ०.०१ टक्के. मॅट्रिक्स ०.१ मिलिडार्सीचं असेल, तर सगळा प्रवाह या नगण्य जागेतून जातोय.

रुंदी दुप्पट करा. सच्छिद्रता दुप्पट होते, पूर्ण खडकाची पारगम्यता आठपट. उत्पादनाबरोबर दाब घटला आणि भेग अर्धी मिटली, तर पारगम्यता एक अष्टमांश उरते. म्हणून भेगेच्या रुंदीचा एकच आकडा मॉडेलमध्ये ठोकून देऊ नका, पल्ला ठेवा. शिवाय खऱ्या भेगांच्या भिंती खडबडीत असतात आणि मध्येमध्ये कॅल्साइट भरलेलं असतं. इमेज लॉगवर मोजलेली रुंदी म्हणजे वरची मर्यादा समजा.

५. मॉडेलचा प्रकार निवडा

*दुहेरी सच्छिद्रता.* बॅरेनब्लाट आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये कल्पना मांडली, वॉरन आणि रूट यांनी १९६३ मध्ये ती तेलक्षेत्रात आणली. मॅट्रिक्स साठवतं, भेगा वाहून नेतात, दोघांमध्ये देवाणघेवाण होते. भेगा दाट आणि सगळीकडे सारख्या असतील तर हे मॉडेल उत्तम. पण गृहीतक नीट वाचा: साठा मॅट्रिक्समध्ये आहे. ताहेसारख्या ठिकाणी मॅट्रिक्समध्ये फारसं काही नाहीच, तिथे या मॉडेलचा पायाच निसटतो.

यात लपलेला एक सापळा शेप फॅक्टरचा, म्हणजे मॅट्रिक्स आणि भेगांमधली देवाणघेवाण किती वेगाने होते हे ठरवणाऱ्या आकड्याचा. तोच घनाकृती ब्लॉक घ्या: वॉरन-रूटच्या सूत्राने लांबीच्या वर्गाने भागायचा आकडा ६० येतो, काझेमीच्या सूत्राने १२, लिम आणि अझीझ यांच्या सूत्राने सुमारे ३०. म्हणजे मॅट्रिक्समधून तेल बाहेर येण्याच्या वेगात पाचपट फरक. तुमचं सॉफ्टवेअर कोणतं सूत्र वापरतं ते मॅन्युअलमध्ये शोधा आणि रिपोर्टात लिहा. दुसऱ्याच्या पेपरातला आकडा उचलताना त्याने कोणतं सूत्र घेतलं होतं तेही बघा.

*तिहेरी सच्छिद्रता.* मॅट्रिक्स आणि भेगांच्या जोडीला पोकळ्या हे तिसरं माध्यम. लहान पोकळ्या भरपूर आणि पसरलेल्या असतील तर वापरा. पोकळ्या भेगांना थेट जोडलेल्या आहेत की मॅट्रिक्समार्फत, हे तुम्हालाच ठरवावं लागतं आणि उत्तर त्याने बदलतं.

*भेगा सुट्या दाखवणं.* मोजक्या मोठ्या भेगा प्रवाह ठरवत असतील, तर त्यांची सरासरी करू नका, एकेक भेग मॉडेलमध्ये ठेवा. प्रत्येक भेगेभोवती मेश बेतणं कटकटीचं असतं. त्यावर उपाय म्हणजे साधी चौकोनी जाळी ठेवून भेगा तिच्यात वरून बसवणं. ली आणि ली यांनी २००८ मध्ये मांडलेली ही पद्धत एमआरएसटीत तयार मिळते. सुरुवातीला हीच घ्या.

*स्टोक्स-ब्रिंकमन.* मोकळ्या गुहेत स्टोक्सचं समीकरण (मोकळ्या जागेतल्या संथ प्रवाहाचं), खडकात डार्सीचं, आणि दोन्ही एकाच समीकरणात. सीमेवर वेगळी अट लावावी लागत नाही, हा मोठा फायदा. खडकाची पारगम्यता भरली की ते आपोआप डार्सी होतं, गुहेत ती अनंत केली की स्टोक्स. मात्र गुहेच्या भिंतीलगतचा बदलाचा पट्टा जाळीत पकडायला जाऊ नका. त्या पट्ट्याची जाडी पारगम्यतेच्या वर्गमुळाएवढी असते, ०.१ मिलिडार्सीच्या खडकात ती सुमारे १० नॅनोमीटर भरते.

माझं स्पष्ट मत: स्टोक्स-ब्रिंकमन काही मीटरच्या ब्लॉकवर वापरा, त्यातून त्या ब्लॉकची सरासरी पारगम्यता काढा आणि ती मोठ्या मॉडेलला द्या. अख्ख्या फील्डवर ते चालवण्याचा हट्ट धरू नका.

६. मोकळ्या गुहेच्या सेलमध्ये (जाळीच्या घरात) काय भरायचं

एक हिशोब करू. १ मीटर व्यासाच्या भुयारातून दिवसाला ५०० घनमीटर तेल वाहतंय. वेग येतो सेकंदाला सुमारे ७ मिलिमीटर. तेलाची स्निग्धता १० मिलिपास्कल-सेकंद घेतली, तर एक किलोमीटर अंतरात घर्षणाने जाणारा दाब जेमतेम अडीच पास्कल. आणि तेल-पाण्याच्या घनतेत घनमीटरला १०० किलोचा फरक असेल, तर फक्त एक मीटर उंचीत दाबाचा फरक जवळपास १,००० पास्कल. म्हणजे मोकळ्या गुहेत घर्षण विसरलं तरी चालतं. तिथे सगळं गुरुत्वाकर्षण ठरवतं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: त्या भुयाराची ‘खरी’ पारगम्यता सूत्राने काढून सेलमध्ये भरू नका. ती ०.१ मिलिडार्सी खडकाच्या १० च्या १४ व्या घाताइतकी मोठी येते. संगणकाच्या दुहेरी अचूकतेत सुमारे १६ आकडे असतात, म्हणजे सॉल्व्हरला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. १,००० डार्सीसारखा आकडा भरा, मग दहापट करून पुन्हा चालवा. विहिरीतलं उत्पादन बदललं नाही, तर पहिला आकडा पुरेसा आहे.

दुसरी: तीच गुहा पाण्याने भरली की चित्र बदलतं. खोलवरच्या तापमानाला पाण्याची स्निग्धता ०.३ मिलिपास्कल-सेकंदाच्या आसपास येते. वरच्याच प्रवाहासाठी तेलाचा रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळबळता हे सांगणारा) सातशेच्या आत राहतो, म्हणजे प्रवाह संथ. पाण्याचा मात्र २४,००० च्या वर जातो, म्हणजे खळबळता. रुंद भुयारात याने काही बिघडत नाही. दोन गुहांना जोडणाऱ्या अरुंद तोंडाशी मात्र बिघडतं, कारण तिथे वेग वाढतो आणि दाबाचा ऱ्हास वेगाच्या प्रमाणात न राहता त्याच्या वर्गाकडे झुकतो. असं तोंड असेल तर तिथे फॉर्कहाइमरची दुरुस्ती (डार्सीच्या नियमात वेगाच्या वर्गाचं जादा पद) लावा.

७. मोठं मॉडेल करण्याआधी ही चाचणी

१० मीटर बाय १० मीटरचा द्विमितीय चौकोन घ्या. मध्ये ५ टक्के क्षेत्रफळाचं एक मोकळं वर्तुळ. डाव्या बाजूला जास्त दाब, उजव्या बाजूला कमी, वर-खाली बंद. पारगम्यता सुमारे १० टक्क्यांनी वाढायला हवी. त्रिमितीत हाच आकडा १६ होता. उत्तर याच्या फार दूर आलं, तर सीमाअटी किंवा एकक चुकलं आहे. एककांकडे आधी बघा: १ मिलिडार्सी म्हणजे ९.८७ गुणिले १० चा उणे १६ वा घात चौरस मीटर.

मग त्याच वर्तुळाला डावीकडून उजवीकडे एक भेग जोडा आणि पारगम्यता कशी उसळते ते बघा. जोडणी महत्त्वाची आहे हे शंभर पानं वाचून कळतं, त्यापेक्षा या दोन रनमध्ये जास्त कळतं.

८. पाणी आणि वायू आणताना

भेगांमध्ये सापेक्ष पारगम्यतेच्या (तेल, पाणी, वायू एकत्र असताना प्रत्येकाच्या पारगम्यतेच्या) रेषा सरळ घेणं रूढ आहे, केशिका दाब (त्यांच्यामधल्या सीमेवरचा दाबाचा फरक) शून्य. मोकळ्या गुहेतही तसंच करा, पण गुहेला उभ्या दिशेत पुरेसे सेल द्या. ताहेत खालून पाण्याचा जोर असतो. पाणी विहिरीच्या तोंडाशी पोचलं की तेल थांबतं, पण तोंडाच्या वर गुहेच्या छताखाली तेल अडकून राहतं. ते काढायला तिथे नायट्रोजन सोडतात. वायू वर चढतो आणि छताखालचं तेल खाली, विहिरीकडे ढकलतो. तुमच्या मॉडेलमध्ये गुहा एकाच सेलची उंच असेल, तर हे तेल मॉडेलला दिसणारच नाही आणि नायट्रोजनचा फायदा शून्य येईल. विहीर गुहेत कुठल्या उंचीवर शिरते, हा आकडा म्हणूनच काटेकोर हवा.

९. वेल टेस्ट वाचताना

दाबाच्या डेरिव्हेटिव्हमध्ये (दाब बदलण्याच्या दराच्या आलेखात) खळगा दिसला की दुहेरी सच्छिद्रता, असं लगेच लिहू नका. थरांमधल्या देवाणघेवाणीनेही तसाच खळगा येतो. आणि विहीर थेट गुहेत उतरली असेल, तर गुहा वेलबोअर स्टोरेजसारखी (विहिरीच्या नळीत साठलेल्या द्रवासारखी) वागते. १० मीटर व्यासाची गोल गुहा म्हणजे सव्वापाचशे घनमीटर द्रव. सुरुवातीची एकास-एक उताराची रेषा लांबत जाते आणि भेगांची खूण तिच्याखाली झाकली जाते. ही रेषा वाया गेलेला डेटा नाही, गुहेच्या घनफळाचा तो सगळ्यात चांगला अंदाज आहे. मात्र द्रवाची संपीड्यता (दाबाने तो किती आकसतो) नीट माहीत हवी.

१०. हिस्टरी मॅच

हिस्टरी मॅच म्हणजे मॉडेलचं उत्तर प्रत्यक्ष उत्पादनाशी जुळवणं. एकच मॉडेल जुळवून थांबू नका. मोठी गुहा आणि अरुंद जोडणी, किंवा लहान गुहा आणि खालून पाण्याचा आधार, ही दोन्ही चित्रं काही वर्षं हुबेहूब सारखं उत्पादन देतात. पुढच्या विहिरीची जागा मात्र दोन्हींत वेगळी निघते. निदान दोन-तीन वेगळ्या रचना जुळवून ठेवा. जुळवताना आधी गुहांमधली जोडणी बदला, मग घनफळ, शेवटी भेगांची पारगम्यता. उलट क्रमाने गेलात तर विहिरीभोवती पारगम्यतेचे गुणक चिकटवत बसाल आणि भूगर्भशास्त्रज्ञ ते मॉडेल परत पाठवेल. शेजारच्या विहिरींमध्ये ट्रेसर (प्रवाहाचा माग काढायला मिसळलेला पदार्थ) टाकल्याचा किंवा दाबाच्या हस्तक्षेपाचा एकही निकाल असेल, तर जुळवणीत त्याला सगळ्यात जास्त वजन द्या.

प्रत्येक रननंतर वस्तुमानाच्या ताळेबंदातली चूक बघा. गुहा आणि मॅट्रिक्स शेजारी असलेल्या सेलमध्ये ती आधी वाढते.

११. डेटा कुठून

भारतातल्या विहिरींचा आणि सायस्मिकचा डेटा डीजीएचच्या (हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या) नॅशनल डेटा रिपॉझिटरीत असतो. विद्यार्थी असाल तर अर्ज विभागाच्या लेटरहेडवर, गाईडच्या सहीने करा, आणि मागणीत फक्त ‘लॉग डेटा’ असं लिहू नका. ड्रिलिंग रिपोर्ट आणि मड लॉस वेगळे नोंदवा, नाहीतर तेच नेमके राहून जातात. भूमिती समजण्यासाठी मेघालयातल्या चुनखडीच्या गुहांचे सर्व्हे नकाशे बघा. तिथली क्रेम लियात प्राह ३० किलोमीटरहून लांब आहे. गुहांचे रस्ते बहुतेकदा खडकातल्या जुन्या सांध्यांना धरून जातात. त्या नकाशांवर वळणांचे कोन आणि दोन समांतर रस्त्यांमधलं अंतर मोजलंत, तर जमिनीखालच्या गुहा जोडताना निव्वळ यदृच्छेवर अवलंबून राहावं लागत नाही.